दार दिसता कामा नये

“चौथी फळी दाबा, बाबा! चौथी!”

“अगं, पण डावीकडून की उजवीकडून?”

“हळू बोला ना, पाहुणे आहेत!”

आई दबक्या आवाजात ओरडत होती आणि आजोबा भिंतीला दोन्ही हात टेकून उभे होते, पोलीस झडती घेतायत असे. त्यांना फक्त संडासला जायचं होतं.

आमच्या हॉलच्या भिंतीला आता बारा लाकडी फळ्या आहेत. ओळखायला जुळ्या बहिणी परवडल्या. त्यातली एक म्हणजे संडासचं दार. कडी नाही, मूठ नाही, फट नाही. नेमक्या जागी दाबलं तरच उघडतं. डिझायनर म्हणाला होता, “मॅडम, दार असायला हरकत नाही. दिसायला हरकत आहे.” आईला हे वाक्य इतकं आवडलं, की ती शेजारणींना घरात घेण्याआधी तेच ऐकवते.

पाहुणे, म्हणजे आमच्याच इमारतीतली मंडळी, तर खुळावलेच. “अय्या, दार कुठंय कळतच नाही!”

“मलाही,” आजोबा म्हणाले. सगळे हसले. आजोबा हसण्याच्या परिस्थितीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या फळीवर पेन्सिलीनं तिळाएवढा ठिपका काढला. आईनं तो खोडला. “भिंतीवर खूण करायची नाही. नियम म्हणजे नियम.”

“नियम नकोत म्हणून तर मी शाळा सोडली,” मी म्हणालो. पाठीत धपाटा बसला. तो मात्र न शोधता, नेमक्या जागी.

मग आजोबांनी स्वतःच अंदाज बसवला. सोफ्याच्या टोकापासून सहा पावलं, की दाबायचं. आठवडा सुखात गेला. पण हॉलला ‘मोकळेपणा’ यावा म्हणून डिझायनरनं सोफा सरकवला. आजोबा सहा पावलं चालले आणि चपलांच्या कपाटात शिरले. वेळेत बाहेर आले, एवढंच सांगतो. त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं कमी केलं.

माझं डोकंच फिरलं. पुढच्या वेळी डिझायनर आला, तेव्हा मी त्याला आग्रह करकरून तीन ग्लास ज्यूस पाजला आणि गप्प बसलो. थोड्या वेळानं तो उठला. भिंतीवर टकटक करत इकडून तिकडे, तिकडून इकडे.

“काही शोधताय का?”

“छे! फिनिशिंग बघतोय.”

तिसऱ्यांदा फिनिशिंग बघताना त्याच्या कपाळाला घाम आला.

“सावकाश,” आजोबा सोफ्यावरून म्हणाले. “दार असायला हरकत नाही.”

तो जो सुटला, तो चार जिने उतरून थेट वॉचमनच्या संडासात. त्याला पत्र्याचं दार आहे, पिवळा रंग आणि हातभर कडी. आंधळ्यालाही दिसेल.

आजोबा तेव्हापासून तिथेच जातात. पाणीही पोटभर पितात. पण आता तिथे लाइन असते, कारण त्या दिवशी अय्या-अय्या करणाऱ्या सगळ्यांनी महिन्याभरात आपापल्या घरी तशीच भिंत करून घेतली. लाइनीत उभे राहून एकमेकांना मोबाइलवर आपापल्या भिंतीचे फोटो दाखवतात. आई सगळ्यात जास्त दाखवते.

हसू नका. तुम्हालाही फोटो दाखवला, तर तुम्हीही आधी ‘वा’ म्हणाल आणि मग डिझायनरचा नंबर मागाल. त्यापेक्षा इथे नंबर लावून ठेवा. वॉचमननं आजोबांना स्टूल दिलंय, त्यांचा नंबर कायम पहिला. माझा सातवा होता. आता... कडी वाजली. मी जातो. नाही, खरंच जायलाच हवं.