अहवालाचा वंशवृक्ष

धानोरा तालुक्यातल्या बेलटोला गावाची बोडी बुजवून तिच्यावरून रस्ता नेण्यास पर्यावरणाच्या दृष्टीने कोणतीही हरकत नाही, असा अहवाल रीतसर सादर झाला. अट एकच होती: समुद्री कासवांच्या विणीच्या हंगामात किनाऱ्यावरचे काम बंद ठेवावे. अहवाल सात टेबलांवरून गेला. धानोऱ्याला समुद्र नाही ही बाब कोणाच्याच अधिकारकक्षेत येत नसल्यामुळे कोणी ती नोंदवली नाही.

नोंदवली ती नंदिनी रामटेकेने. ती गडचिरोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, पण माहेर बेलटोल्याचं. बोडी म्हणजे गावाचं लहानसं तळं. तिच्यावर गावाचं धान पिकायचं आणि तिच्यात एक बेडूक राहायचा, जो नंदिनीच्या मते जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. आता दोन्ही जाणार होती. तिने घाईघाईने हरकतीचा अर्ज तयार केला, गावाने त्याच्या दोनशे झेरॉक्स काढून सह्या-अंगठे केले, आणि सगळे जनसुनावणीला हजर झाले.

सुनावणीला अंबुलगेकर साहेब होते. अत्यंत सभ्य माणूस. कोणाचंही म्हणणं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय ते फेटाळत नसत.

“तुमचा बेडूक वेगळा कशावरून, मॅडम?”

“सर, एटापल्लीकडचा बेडूक आणि हा पूर्वी एकच होते. मधे डोंगर आले, येणंजाणं तुटलं. पिढ्यानपिढ्या दोन्हीकडे बारीकसारीक फरक साठत गेले. आता इकडच्या नराची हाक तिकडच्या मादीला ओळखूच येत नाही. जोड्या जमत नाहीत. एकाच्या दोन प्रजाती झाल्या.”

साहेबांना हे चटकन पटलं. त्यांचं खातंही पूर्वी एकच होतं. मधे पार्टिशन घातल्यापासून त्याची दोन झाली होती, आणि इकडच्या फाईलला तिकडे कोणी ओळख दाखवत नव्हतं.

“पण पूर्वी नातं होतं, हे कसं कळतं?”

“वारशाने आलेल्या खोडींवरून. दोन मुलांची बरोबर उत्तरं जुळली तर त्यातून काही सिद्ध होत नाही. पण एकच चूक दोघांच्या पेपरात त्याच ओळीवर सापडली, की दोघांनी एकाच ठिकाणाहून उतरवलंय हे कळतं.” नंदिनीने अहवाल उघडला. “आता हाच घ्या. यात समुद्री कासवं आहेत, म्हणजे हा कोकणातून आला. पण पुढे उंटांसाठी पाणवठाही आहे. कोकणात उंट नसतात, म्हणजे त्याआधी हा राजस्थानात होता. आणि शेवटी बर्फ हटवायचं यंत्र. मूळ पुरुष हिमालयातला!”

मागून बायनाबाई उठली. तिचा धानाचा बांध बोडीला लागूनच होता. “अवं माय! ह्या कागदानं आमच्यापेक्षा जास्त दुनिया पाह्यली! साहेब, आमच्या बोडीवर उंट कुठी दिसला जी तुमाले?”

मांडव हसला. साहेबही हसले, आणि त्यांनी प्रत्येक शब्द लिहून घेतला. नंदिनी जिंकल्याच्या आनंदात घरी गेली. अधिकारी शब्द न् शब्द लिहून घेऊ लागला की घाबरायचं असतं, हे प्राणिशास्त्रात शिकवत नाहीत.

महिन्याभराने आदेश आला. “प्रा. रामटेके यांनी सुचवलेल्या शास्त्रीय पद्धतीबद्दल कार्यालय आभारी आहे. सदर अहवाल हिमालय, वाळवंट व समुद्रकिनारा अशा प्रतिकूल परिस्थितींत टिकून राहिल्याचे त्यांनीच सिद्ध केले असल्याने तो कोणत्याही प्रदेशास योग्य समजण्यात येतो. प्राप्त दोनशे हरकतींमध्ये तालुका ‘एटापल्ली’ असा चुकीचा नमूद आहे. एकच चूक, त्याच ओळीवर. सबब सर्व हरकती एकाच पूर्वजापासून उत्पन्न झाल्या असून त्यांची गणना ‘एक’ अशी करण्यात येत आहे. पूर्वज एटापल्लीचा असल्याने ती हरकत तिकडे वर्ग करावी.”

नंदिनीने आपल्या अर्जाची प्रत काढून पाहिली. एटापल्लीच्या मैत्रिणीच्या जुन्या अर्जावरून तिने मजकूर उतरवला होता. तालुका बदलायचा राहून गेला होता.

ती तोंड पाडून गावात आली. बायनाबाई म्हणाली, “रडून काऊन राह्यली वं पोरी? आता ज्याले जे वाटते ते त्यानं सोताच्या बोलीत सांगाव. तू फक्त लिहून घे.”

मग एकेक जण बोलू लागला. लटारूभाऊ म्हणाले, “माह्या बैलाले हेच पानी लागते. दुसऱ्या पान्याले तो तोंड लावत नाई.” बायनाबाईने सांगितलं, “हे बेडकं बोलले की मले झोप लागते. टरकाच्या आवाजानं कोनाले झोप लागली हाये का आजवर?” लिहिता लिहिता नंदिनीचे डोळे भरून आले. इतक्या खऱ्या हरकती तिने कधी वाचल्या नव्हत्या.

कार्यालयाचं उत्तर यावेळी लवकर आलं. “नव्याने प्राप्त हरकतींमध्ये परस्परांशी कोणतेही साम्य अथवा नाते आढळून येत नाही. सबब गावात एकमत नाही.”

बोडी बुजली. रस्ता झाला, आणि अहवालातल्या अटीप्रमाणे तिथे ‘कासवे विणीसाठी येतात, वाहने सावकाश हाका’ असा फलकही लागला. बुजवण्याच्या आदल्या दिवशी नंदिनीने बेडकाची हाक मोबाइलवर टिपून ठेवली होती. ती तिने सगळ्या ग्रुपांवर पाठवली. हजारो लोकांनी ती पुढे पाठवली. प्रत्येकाने खाली तेच दोन जोडलेले हात आणि तेच ‘मन सुन्न झालं’ टाकलं. अंबुलगेकर साहेबांनी ही जनभावनाही रीतसर नोंदवून घेतली आहे. वाचकहो, तुमची हळहळसुद्धा तिथे पोचली. सगळ्यांची मिळून एक धरली आहे.