देवस्थळींच्या नावाचं बिल

घर घेताना मी फसलो नाही. हे मी ऑफिसात इतक्या जणांना सांगितलंय, की हल्ली कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन आलो की लोक उठतात. धायरीतला हा फ्लॅट घेण्याआधी मी कागदपत्रं दोन वकिलांना दाखवली आणि पहिल्याबद्दल दुसऱ्याचं काय मत आहे, तेही विचारून घेतलं. विकणारे गोपाळकृष्ण देवस्थळी, निवृत्त प्राध्यापक. सही करताना ते हसले. मी ताबडतोब करार पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. घर विकताना माणूस हसेल कशाला?

मिळकत कराचं कलम तर मी स्वतः घालून घेतलं होतं. ताबा देईपर्यंतचा कर देवस्थळींचा, तिथून पुढचा माझा. मार्च संपता संपता ताबा मिळाला. तोवरच्या सगळ्या पावत्या मी उजेडात धरून तपासल्या.

मे महिन्यात नव्या वर्षाचं बिल आलं. त्यावर नाव देवस्थळींचं.

"भरून टाका," तेजस्विनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "लवकर भरलं तर सूट आहे."

"बिल त्यांच्या नावाचं आहे. मी भरलं तर त्याचा अर्थ काय होतो?"

"बिल भरलं, असा होतो."

"घर अजून त्यांचं आहे हे मी कबूल केलं, असा होतो."

ती कणीक मळायला गेली.

आणि मग देवस्थळींचे फोन सुरू झाले. आधी दिवसाआड, पुढे रोज. मी उचलले नाहीत. व्यवहार संपल्यावर विकणारा फोन करतो, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे. एकदा मेसेज आला, 'कराबाबत बोलायचे आहे.'

"बघ," मी तेजस्विनीला म्हणालो. "जुनी थकबाकी कुठेतरी दडवली असणार. आता ती माझ्या गळ्यात मारतील."

"मग फोन उचला आणि विचारा."

"उचलला की अडकलो."

शनिवारी दुपारी दाराबाहेर कुजबुज ऐकू आली. भिंगातून पाहिलं, तर देवस्थळी आणि एक धिप्पाड अनोळखी माणूस. अनोळखी माणूस माझ्या दाराचा फोटो काढत होता. मग त्याने विजेच्या मीटरचाही काढला.

"नंबर नीट येऊ द्या," देवस्थळी हळूच म्हणाले.

आमची सगळी पुंजी आणि तेजस्विनीच्या पाटल्या या घरात गेल्या होत्या, आणि हा गृहस्थ माझ्याच उंबऱ्यावर उभा राहून माझं घर दुसऱ्याला विकत होता! दोघं जिना चढून गच्चीवर गेले. गिऱ्हाइकाला गच्ची दाखवायला, दुसरं काय. मी अनवाणी मागोमाग गेलो, गच्चीचं दार ओढलं आणि जिन्याच्या बाजूची कडी सगळं बळ लावून सरकवली. मग सोसायटीच्या सेक्रेटरी शर्मिलाताईंना फोन केला.

"दोन भामटे कोंडलेत. पोलिसांना बोलावू का?"

"आधी मी येते," त्या म्हणाल्या.

त्या आल्या तोवर गच्चीकडून दार वाजायला लागलं होतं.

"अहो, कोण आहे? दार लागलंय," देवस्थळींचा आवाज.

"लागलं नाही, मी लावलंय. माझं घर किती जणांना विकलंत?"



"आपण आहात होय," ते म्हणाले. "हे माझे जावई, वरदराव. आम्ही कढीलिंबाची कुंडी न्यायला आलो होतो. ऊन फार आहे."

"आणि फोटो?"

"आपल्या नावाच्या पाटीचे आणि मीटरचे. महापालिकेच्या दप्तरी अजून माझंच नाव आहे. ते काढण्यासाठी अर्ज द्यायचाय. पाटीचा आणि मीटरचा फोटो जोडलेला बरा, असं वरदरावांचं म्हणणं पडलं. ताबा मार्चमध्ये आपल्याकडे आला. बिल एप्रिलपासूनचं, म्हणजे कर आपला. पण नाव माझं, म्हणून नोटीस मला येणार. आणि जप्ती आली तर घरावर, म्हणजे आपल्यावर. आपण फोन उचलेनात, सूट तर संपत आली होती. शेवटी मीच भरला."

"पावती मघाशीच माझ्याकडे देऊन गेलेत," शर्मिलाताई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी कडी ओढली. ती हलली नाही. शर्मिलाताईंनी ओढली. तेजस्विनीने तेल आणून घातलं. कित्येक वर्षांत कोणी न लावलेली ती कडी गंजून होती तिथे घट्ट बसली होती. शेवटी सुताराला बोलावून दारच बिजागऱ्यांपासून काढावं लागलं. दाराचा आणि सुताराचा खर्च माझ्याकडे लागला. कराची सूट त्यातच गेली.

देवस्थळी बाहेर आले तेव्हा त्यांचं टक्कल लालबुंद झालं होतं. कुंडी मात्र त्यांनी सावलीत धरली होती. तेजस्विनीने दोघांना पाणी दिलं, माफी मागितली. मीही पुटपुटत मागितली आणि कराचे पैसे तिथल्या तिथे फोनवरून पाठवले.

"आत या ना," मी म्हणालो. "चहा घेऊन जा."

देवस्थळींनी आमच्या दाराची कडी वरपासून खालपर्यंत नीट पाहिली.

"नको," ते म्हणाले. "चहा इथे जिन्यातच द्या."

आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत सासरे-जावई कुंडीसकट पायरीवर बसून राहिले.