पहिले चप्पल!

ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यातल्या, आमच्या शेजारच्या जाधवकाकांच्या देवघरात एक वेळ चपला घालून गेलात तर चालेल, पण कॉम्प्युटरच्या खोलीत नाही. "पहिले चप्पल!" ते आतूनच ओरडतात. इंदरगंजच्या त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबसुद्धा बाहेर बूट काढून आत जायचे. ऑफिसने तो नियम कधीच सोडला, काकांनी नाही. घरचा कॉम्प्युटर तीसेक वर्षांचा. त्याला ते 'हे' म्हणतात. "हे आज जरा थकलेत."

दिवाळीआधी त्याचा कीबोर्ड गेला. पडद्यावर यायचं : कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला अमुक कळ दाबा.

"कुठली दाबू? कपाळाची?" काका म्हणाले.

त्यांचा मुलगा सुहासदादा रविवारी पुण्याहून येणार होता. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "बंद पडलंय ना बाबा? मग या खेपेला भंगारात देऊ."

"तू कॉलेजात आहेस ना? कर काहीतरी," काका मला म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मोहल्ल्यातले पंखेही माझ्याकडेच येतात.

"हो जाएगा काका... म्हणजे, बघतो."

बाड्यावरच्या बाजारातून नवा कीबोर्ड आणला. त्याचा प्लग चपटा, कॉम्प्युटरचं भोक गोल. मधे एक छोटा सर्किट बोर्ड बसवला, नव्याचे इशारे जुन्याला कळतील असे बदलून देणारा.

"म्हणजे हा हिंदीत बोलणार आणि हे मराठीत ऐकणार?"

"तसंच काहीसं."

"मग बोर्ड ग्वाल्हेरचाच आहे की!"

काकांनी आपलं नाव टाइप केलं, उमटलं भलतंच. कुठल्या कळीचं कुठलं अक्षर, हा तक्ता बोर्डात भरताना मी एक ओळ सोडली होती. मी घाबरलो. काका म्हणाले, "ह्यांना ऐकू कमी येतं रे. जरा सावकाश सांग."

शनिवारी संध्याकाळी एकदाचं नाव नीट उमटलं.

रविवारी सुहासदादा आला. खोलीच्या दारात थांबला आणि कुणी न सांगताच त्याने बूट काढले. लहानपणी खेळायचा तो गाड्यांचा खेळ त्याने शोधून काढला.

"बाबा, माझा स्कोअर अजून आहे!"

"मी तो खेळ कधी उघडलाच नाही," काका म्हणाले. "चुकून पुसला गेला असता तर?"

मग ते कोपऱ्यावरून गरम कचोऱ्या घेऊन आले, जवळजवळ धावतच, थेट खोलीत.

"बाबा," पडद्यावरून नजर न काढता सुहासदादा म्हणाला, "पहिले चप्पल."

काका दाराशी गेले. चपला काढायला त्यांना बराच वेळ लागला.