निजून पाहिलेलं घर

मंगळवारी सकाळी सुधा गेली. त्याच रविवारी आम्ही बेलापुरातल्या एका घराचा विसार देणार होतो.

नगरकडचं बेलापूर हे सुधाचं माहेर. तिच्या शाळेच्या वाटेवर हे घर होतं; जुनं, माळवदाचं, मागं मोकळी जागा आणि एक लिंबाचं झाड. माझी नोकरी संपली की इथं राहायचं, हे तिनं मला न विचारता ठरवलं होतं. ती गेल्यावर मुलगी पुण्याहून आली ती मला घेऊन जायच्या तयारीनंच. "बाबा, त्या पडक्या घरात तुम्ही एकटे काय करणार?" माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, तिथं भांडायचा प्रसंग येत नाही. मी एवढंच म्हणालो, "घर तपासून घेऊ. बापूराव पास म्हणाले तर घ्यायचं. नापास म्हणाले तर मी तुझ्याबरोबर येतो."

मुलीनं लगेच कबूल केलं. मामाची तऱ्हा तिला ठाऊक होती; त्यांच्या हातून फार घरं पास होत नसत.

बापूराव म्हणजे सुधाचे थोरले भाऊ. ते घर झोपून तपासतात.

खरोखरच झोपून. ते एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामाच्या गाडीवर असताना जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत चावडीत, देवळात, शाळेच्या पडवीत निजले. त्यातून त्यांचा सिद्धांत तयार झाला. "दाजी, उभ्या मानसाशी घर खोटं बोलतं. आडवं झालं की खरं बोलाय लागतं." नात्यात कुणी जुनं घर घ्यायला निघालं की बापूराव काखेत चटई मारून हजर. आधी पोटभर भाकरी खायची, कारण "उपाशी मानसाला सगळीच घरं वाईट दिसत्यात." मग घरमालकादेखत मधल्या खोलीत चटई अंथरायची आणि डोळ्यांवर टोपी ओढायची. पाठीला ओल कळते, नाकाला वास कळतो, कानाला उंदीर कळतात. झोप लागली तर पास, नाही लागली तर नापास.

सावेडीत भाच्यासाठी एक फ्लॅट बघायला गेलो होतो. एजंट उत्साहानं स्वयंपाकघराचे कप्पे उघडून दाखवत होता आणि बापूराव हॉलमध्ये आडवे. थोड्या वेळानं टोपी बाजूला सारून ते म्हणाले, "वरच्या मजल्यावर गिरणी हाय का हो?" वरची बाई घरघंटीवर शेजारपाजारचं दळण दळून देत होती. नापास. शिर्डीतल्या एका घरात याच्या उलट झालं. तिथं त्यांना इतकी गाढ झोप लागली की एजंट त्यांना विसरून कुलूप लावून गेला. संध्याकाळी खिडकीच्या गजांतून ते रस्त्यावरच्या लोकांना सांगत होते, "घर पास हाय! पन आधी कुलूप काढा!"

बेलापूरच्या घरासाठी मुलीनं आपल्या बाजूनं नगरहून इंजिनिअर बाईंना आणलं. बापूरावांनी त्यांना अडवलं नाही. "बाई भिंती बघतील, मी घर बघतो," म्हणाले. बाईंनी भिंती ठोकून पाहिल्या, तुळया पाहिल्या, माळवदावर चढल्या. घर मूळचं दणकट आहे, दुरुस्ती मात्र बरीच आहे, असं त्यांनी लिहून दिलं. मी मनातून हरखलो. आता फक्त बापूराव राहिले होते.

ते जेवून आले, आडवे झाले. मी आणि मुलगी बाहेर ओट्यावर बसलो. दुपार कलली तेव्हा ते लाल डोळ्यांनी बाहेर आले. "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी चटई दुसऱ्या खोलीत गेली. तिसऱ्या दिवशी मागच्या दारात. शेवटी त्यांनी चटईची गुंडाळी केली. "न्हाई दाजी. लई वाईट वाटतं, पन घर नापास."

मुलगी पुण्याला परतली. जाताना म्हणाली, "पुस्तकं बांधायला घ्या."

मी पुस्तकं बांधत होतो तेव्हा बापूरावांच्या मंडळींचा फोन आला. घराचं समजल्यावर वहिनी भडकल्याच. "दाजी, त्या घराला कशाला बोल लावता? हे घरी तरी कुठं निजत्यात? वन्सं गेल्यापासनं डोळ्याला डोळा न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. दुपारची जेवणं झाली की सुधाचा त्यांना फोन जायचा. ती बोलत राहायची, बापूराव हुंकार द्यायचे. हुंकाराच्या जागी घोरणं ऐकू आलं की ती फोन ठेवायची. त्या वेळी मी ग्रंथालयात असायचो.

दुसऱ्या दिवशी मी बेलापूर गाठलं. "बापूराव, घर परत बघायचंय."

"आमच्यात फेरपरीक्षा नसती."

"माझ्यासाठी."

ते कुरकुरत आले. आडवे झाले. मी शेजारी भिंतीला टेकून बसलो.

"सुधा काय बोलायची हो फोनवर?"

"काय बी न्हाई. मेथी कशी मिळाली, भाजीवाला कसा बोलला. तुमच्या तर लई कागाळ्या करायची." ते हसले, मग टोपी डोळ्यांवर ओढली. टोपीखालून गालावर पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

मला गप्पा येत नाहीत. पिशवीत इंजिनिअर बाईंचा कागद होता, तोच मी वाचायला घेतला. "घराच्या पायात ओल आढळली नाही."

"हुं."

"पूर्वेच्या भिंतीतला तडा गिलाव्यापुरता आहे."

"हुं."

"माळवदावर वर्षानुवर्षं माती चढत गेल्यानं भार वाढला आहे. ती उतरवून दोन तुळया बदलाव्यात. न्हाणीघराच्या पाण्याचा निचरा..."

हुंकार आला नाही. जरा वेळानं घोरणं सुरू झालं, आधी दबकत, मग घाट चढणाऱ्या गाडीसारखं. मी मुलीला फोन लावला आणि त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"बाबा, तिथं कुणी बोअर घेतंय का?"

"मामांनी घर पास केलंय."

तिनं मला फोन परत मामाच्या तोंडाजवळ धरायला लावला. मग म्हणाली, "माझ्यासाठी पूर्वेची खोली ठेवा."

दिवेलागणीला बापूराव जागे झाले. अंधारलेल्या खोलीकडे, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना उमगलं. चटई तशीच टाकून ते गल्लीत धावले. "पास! दाजींचं घर पास!" लोक दारांत आले. समोरच्या म्हातारीनं कुणाचा निकाल लागला म्हणून विचारलं. बापूराव म्हणाले, "माझा!"

विसार दिला, खरेदीखत झालं. माळवदावरची माती उतरली, दोन तुळया नव्या आल्या. मागच्या खोलीचा गिलावा अजून व्हायचाय. सुधा नाही. घर आहे, आणि दुपारी जेवण झालं की बापूराव येतात.