राघोदादाची पंगत

राघोदादाच्या खानावळीत भात तयार असायचा, कालवण तयार असायचं, आपण ताटावर बसलेले असायचो, आणि तरी जेवण मिळायचं नाही. कारण आमच्या कारखान्याच्या वजनकाट्यावरचा सदा अजून आलेला नसायचा.

तेव्हा मी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. सडाफटिंग माणूस, खोलीवर स्टोव्ह पेटवायचाही कंटाळा. दुपारच्या सुट्टीत आम्ही दहाबाराजण दादाकडे जेवायचो. खानावळ कसली, घराची पडवीच ती! खाली सतरंजीच्या पट्ट्या, समोर ओळीने ताटं. सगळे आल्याशिवाय दादा वाढायचा नाही. घाई केली की ठरलेलं उत्तर, "एक पान रिकामं हाय रं. दम काढ."

दम काय काढ! आतून वहिनींच्या सुकटीच्या कालवणाचा वास येतोय, तांदळाच्या भाकऱ्या टम्म फुगताहेत, आणि आम्ही देवळाबाहेरच्या भिकाऱ्यांसारखे रिकामी ताटं घेऊन बसलोय. एकदा मी नुसतं मिठाला बोट लावून चाटलं, तर दादा केवढ्यांदा ओरडला, "ए! सुरुवात करतूस व्हय?"

पण हाताला चव अशी, की शिव्या घालत पुन्हा तिथंच जायचो. वालाचं बिरडं पानात पडलं की कुणी कुणाला ओळख दाखवायचं नाही.

आता कारखान्याचा भोंगा काही आमच्या पंगतीसाठी थांबणार नव्हता. लेटमार्क वाढले, साहेबाने तंबी दिली. नाक्यावर नवं हॉटेल निघालं होतं. तिथली आमटी म्हणजे हळदीचं पाणी, पण बसायच्या आत ताट पुढ्यात. आम्ही तिकडे गेलो असतो तर खानावळीला टाळं लागलं असतं, हे दादालाही कळत होतं. सगळ्यांनी मला पुढे घातलं.

"दादा, येईल त्याला वाढत जा. नाहीतर आम्ही उद्यापासून नाक्यावर."

दादाने पळी खाली ठेवली. "जावा. पन हितं एकाला आदी, एकाला मागनं, असं नाय व्हायाचं."

"अहो, पण का?"

"आमच्या गावात लगीन असलं की आमाला गोठ्याच्या कडंला बसवायचे. गावाची पंगत उठली की मंग आमाला हाळी. मी ल्हान, भुकेनं रडायचो. आय म्हनायची, झोप जरा, उठवते. कवा कवा उठवायचीच नाय. भात सरलेला असायचा." दादाने पळी पुन्हा हातात घेतली. "छप्पन साली दीक्षा घेतली तवा बा म्हनला, आता कुनाच्या मागनं जेवायचं नाय. आन् कुनाला मागनं जेवू घालायचं नाय."

सदा आल्यावर आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी सदाला लवकर ओढून आणायला मी स्वतः काट्यावर गेलो. नेमका एक ट्रक काट्यावरच बंद पडलेला. तो ढकलून बाजूला काढेपर्यंत सुट्टी संपत आली. म्हटलं, नाक्यावर जेवून गेले असतील सगळे, निदान त्यांच्या नोकऱ्या तरी वाचल्या.

सदा आणि मी पडवीत शिरलो तर अख्खी ओळ तशीच बसलेली. ताटं कोरडी, तोंडं सुकलेली.

"मेल्यांनो, कुठं उलथला होता?" कुणीतरी खेकसलं.

"आलं गं दोगं," दादा आत ओरडला. "आन भात."

बाहेर भोंगा झाला. कुणी उठलं नाही. आई गेल्यापासून माझ्यासाठी जेवायचं कुणी थांबलं नव्हतं. पानात बिरडं पडलं, तरी शेवटच्या ताटात भात पडेपर्यंत मी मिठालाही बोट लावलं नाही.