देवाच्या दारातली गाडी

जुनी गाडी कशी घ्यावी, हे मला कोणी शिकवू नये. लोक मेकॅनिकला विचारतात, मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि फसतात. मी डोंगरकडा गावाजवळच्या टेकडीवरल्या देवस्थानात अकरा वर्षं वाहनपूजेच्या पावत्या फाडतोय. कोणाची गाडी कशी नांदते, हे मला बसल्या जागी कळतं.

माझं म्हणणं असं, की गाडी बघू नये, मालक बघावा. आणि मालक असावा तर हरिचंदभाऊंसारखा! घर पायथ्याशी, पण तीन वर्षांत गाडी घरी लावली नाही. कायम देवाच्या दारात, उताराकडं तोंड करून, चाकाखाली दोन दगड. सकाळी यायचे, दर्शन घ्यायचे, दगड काढायचे आणि निघायचे. इंजिन इतकं शांत, की गाडी अर्ध्या उतारावर गेल्याशिवाय चालू झाल्याचं कळतच नसे.

तेच हरिचंदभाऊ गाडी विकणार असं कळलं, आणि मी बायकोला, ताराला, घेऊन त्यांचं घर गाठलं.

"दुरुस्तीला किती लागतात?" मी विचारलं.

"तीन वर्षांत मेकॅनिकचं तोंड पाह्यलं न्हाई."

"मंग विकून काहून राहिले?" ताराला मधे बोलायची सवयच आहे.

"पुण्याला लेकाकडं चाललो, वहिनी. तिथं बिल्डिंगीच्या पोटात सपाटीला गाडी लावावी लागती. हिला ते मानवायचं न्हाई."

माणसाची गाडीवर इतकी माया! मला गहिवरून आलं. त्याच संध्याकाळी गाडी टेकडीवरून उतरवली आणि थाटात घरासमोर आणून बंद केली.

दुसऱ्या दिवशी आमच्या अबोलीची नांदेडला तलाठ्याची परीक्षा होती. नऊला गेट बंद होणार. पोरीनं दोन वर्षं शेजारच्या लग्नालासुद्धा न जाता अभ्यास केलेला.

"पोरीला एसटीनं जाऊ द्या," तारा म्हणाली.

"दारात गाडी असताना?"

सकाळी सहाला चावी फिरवली. टक् असा आवाज आला. परत फिरवली. परत टक्. तोवर एसटी निघून गेली. तारानं एकदा एसटी गेली त्या रस्त्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

पण माझ्या लक्षात आलं. या गाडीनं तीन वर्षांत दर्शनाशिवाय दिवस सुरू केलेला नव्हता! मी शेजारच्या उत्तमसिंगला ट्रॅक्टर काढायला लावला. दोर बांधून गाडी टेकडीवर ओढत नेली, हार घातला, नारळ फोडला आणि अबोलीला आत बसवलं. उत्तमसिंगनं दोर सोडला, गाडी घरंगळली आणि अर्ध्या उतारावर चालू झाली. माझ्या अंगावर काटा आला.

"बाबा," अबोली म्हणाली, "ही देवानं चालू झाली का उतारानं?"

"उतार देवाच्याच दारात हाय."

ती बी.एस्सी. आहे, म्हणून मी वाद वाढवला नाही.

नांदेडच्या अलीकडं पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस म्हणाला, "इंजिन बंद करा." मी केलं. पेट्रोल भरलं, चावी फिरवली. टक्.

पंपामागं मारुतीचं छोटं देऊळ होतं. मी पळत जाऊन नारळ फोडून आलो. टक्. सव्वाआठ झाले होते.

"बाबा," अबोली हळूच म्हणाली, "माझी दोन वर्षं गेली न्हवं का?"

तेवढ्यात मागून दुसरी एसटी आली. अबोलीनं ओढणी कमरेला खोचली आणि हात करत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरला थांबावंच लागलं.

दुपारी ती एसटीनंच परत आली आणि पंपावर उतरली. मी तिथंच होतो.

"गेट बंद व्हायला तीन मिनिटं होती. पेपर चांगला गेला."

मी चारचौघांत रडलो. तिनं मला पाणी दिलं आणि हरिचंदभाऊंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"स्टार्टर व्हय? तो तीन वर्षांमागंच गेला, बाई. म्हणून तर उतारावर लावत होतो. तुझे बाबा रोज पाहत व्हते. मला वाटलं, त्यांना म्हाईत हाय."

पंपावरच्या चौघांनी ढकलून गाडी चालू करून दिली. वाटेत मी ती कुठंच बंद केली नाही.

दारात तारा आरतीचं ताट घेऊन उभी होती. पोरगी वेळेवर पोचली, हे अबोलीनं तिला फोनवर सांगितलं होतं. कशानं पोचली, ते सांगितलं नव्हतं. लेक ती लेकच.

"मी उगं एसटी एसटी करत व्हते," तारा म्हणाली. "तुमी म्हणलं तेच बराबर निघालं. बंद करा ती गाडी अन् या घरात."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझं बरोबर निघालं, असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. चावीवरचा हात मी काढून घेतला.

"तुमी व्हा पुढं," मी म्हणालो. "मी जरा देवाला जाऊन येतो."