अकरा माडांची पेन्शन

आमच्या शेजारचे बस्त्यावकाका वीजबिल आलं की ते माडाला वाचून दाखवतात. डोळ्यांवर चष्मा चढवून, बुंध्यासमोर उभे राहून, युनिट, स्थिर आकार, वीज शुल्क, सगळं खणखणीत आवाजात. मग वर बघून विचारतात, "ऐकलंस मा? गेल्या म्हयन्यापेक्षा वाढला हा. आता काय करतलंस ता तू बघ."

माड काही बोलत नाही. काका समाधानाने बिलाची घडी करून खिशात ठेवतात.

काकांनी तीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाक केला. कंपन्या बदलत गेल्या, शेवटची बंद पडली, आणि काका एक पेटी आणि थोडी शिल्लक घेऊन मालवणजवळच्या आमच्या वाडीत परत आले. पेन्शन नाही. आल्या आल्या त्यांनी परसातले माड मोजले. अकरा भरले. प्रत्येकाला त्यांनी एकेक खर्च नेमून दिला. पायरीजवळचा लायटीचा. विहिरीजवळचा गॅसचा. कुंपणाच्या गडग्याला टेकलेला बीपीच्या गोळ्यांचा. सगळ्यांत लहान मोबाइलच्या रिचार्जचा, तो अजून शिकाऊ आहे. एक, मारीकाकू गेल्यापासून त्यांच्या नावाने दरवर्षी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, करतात त्याचा. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. एक दाढी-कटिंगचा. मध्यंतरी त्याला कमी नारळ लागले तेव्हा काकांनी चार महिने दाढी वाढवली होती.

या अकरा जणांना मिळून ते 'क्रू' म्हणतात. ज्या कप्तानांना तीस वर्षं अंडी तळून दिली, त्यांची सगळी ऐट ते या क्रूवर करतात. कोणी विचारलं, "कसे आसात काका?" तर उत्तर ठरलेलं, "बोट पाण्यार आसा!"

मी तालुक्याच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. दुसऱ्यांच्या निवृत्तीची प्रकरणं तयार करणं हे माझं काम. माझी स्वतःची पेन्शन नव्या पद्धतीची, म्हणजे हाती किती पडेल ते बाजार ठरवणार. लग्न केलं नाही, आईवडील गेले, तेव्हा ज्याची यादी करता येईल त्याची मी करून ठेवते. गेल्या वर्षी वाटलं, आपल्यापुरतं कशाला? वाडीतल्या सगळ्यांसाठी एका पानाचा फॉर्म तयार केला. वर लिहिलं, 'म्हातारपणाची तयारी'. खाली दहा प्रश्न. रविवारी घरोघर फिरले.

तयारी आहे का, या पहिल्याच प्रश्नाला सगळे हो म्हणाले. कसली, असं विचारल्यावर एकीने मुलाचं सांगितलं, "झील आसा मुंबयक." एकाने देवगडची आंब्याची सात कलमं सांगितली. एकाने "त्या वेळचा त्या वेळी" असं म्हणून मलाच चहा दिला. बस्त्यावकाकांनी फक्त बोट वर केलं. वर झावळ्या हलत होत्या.

"काका, कागदार काय लिवू?"

"लिही, अकरा जण. सगळे कायम."

दहावा प्रश्न होता, अडचणीला धावून येणारी व्यक्ती. काका पटकन म्हणाले, "बाबलो."

बाबलो म्हणजे आमच्याकडचा पाडेली, माडावर चढून नारळ काढून देणारा. पन्नाशीचा, वाळका, गुडघ्याला कायम पट्टी बांधलेला. मी हसले. "काका, लिझा आसा मा तुमची! पोटची मुलगी सोडून बाबल्याचा नाव?"

"लिझा नोकरीक बहारीनाक. बाबलो मंगळवारी येता."

मी बाबल्याचं नाव खोडलं आणि लिझाचा नंबर लिहिला.

फॉर्म भरून झाला तरी माझं समाधान होईना, कारण हिशोब जुळत नव्हता. सगळ्या वाडीत पाडेली दोन महिन्यांतून एकदा येतो आणि आवारातले सगळे माड एका दमात काढून जातो. काकांकडे मात्र तो दर चार-पाच दिवसांनी यायचा. एका खेपेला एकच माड. मंगळवारी लायटीचा, तर शनिवारी गॅसचा. प्रत्येक माडामागे मजुरी, आणि वर न्याहारी: दोन अंड्यांचं ऑम्लेट, चार पाव, दोन वेळा चहा. मी मांडून बघितलं. गॅसच्या माडाचे निम्मे नारळ बाबल्याच्या ऑम्लेटात जात होते.

मी कामाला लागले. बाबल्याला गाठून दर ठरवला, अकरा माड एका दिवशी, दोन महिन्यांतून एकदा. नारळाच्या व्यापाऱ्याला आवारात टेम्पो आणायला लावला. पैसे थेट काकांच्या खात्यात. वर्षाची बचत काढून त्याखाली दोन रेघा मारल्या आणि काकांना दाखवलं.

काकांनी चष्मा लावून सगळा हिशोब वाचला. "बरा," म्हणाले. "तू सांगतस म्हणजे बराच आसतला."

ठरल्या दिवशी बाबल्याने अकरा माड काढले. दुपारी टेम्पो गेला. मी फॉर्मवर शेरा लिहिला, 'तयारी समाधानकारक.'

पुढच्या महिन्यात वीजबिल आलं. मी ओटीवर होते. काकांनी ते फाटकातच उघडलं, मनात वाचलं आणि घरात गेले. मला वाटलं, घाईत असतील. मग लक्षात आलं की मंगळवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी येतात, पाणंदीच्या वळणापर्यंत बघतात आणि आत जातात. अंडीवाली माझ्याकडे तक्रार करायला लागली, "म्हाताऱ्याक बरा नाय की काय गो? डझनभर घेय, आता चारच घेता." मी काकांना विचारलं, "कसे आसात?"

"बरो आसंय," काका म्हणाले. बोटीचं नाव नाही.

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसमधून येताना बाबलो रस्त्यात भेटला. सायकलवरून उतरला तोच चिडून.

"ताय, त्या बस्त्यावाक जरा सांग. काल तीन फोन. म्हणता, तायच्या सैपाकघरार झावळ पडाक इली हा, माणूस मरतला, धाव."

"माझ्या सैपाकघरार? त्या बाजूक काकांचो माडच नाय!"

"ता माका ठावक नाय? धा वर्सां चढतंय त्या आवारात." मग जरा थांबून म्हणाला, "चढतंय म्हणजे... चार खेपांत एकदा. त्याच खेपेक तीन-चार माड काढून टाकतंय. एका माडासाठी दर खेपेक गुडघो कित्याक झिजवू?"

"मगे मजुरी कसली घेयस?"

"मी खंय मागतंय? तो खिशात कोंबता. म्हणता, ड्युटी ती ड्युटी." बाबलो मान खाली घालून गुडघ्याची पट्टी आवळायला लागला. "बसान ऱ्हवाचा. तो बोटीरचा सांगता. खंयच्या बंदरात खंयचो मासो, कप्तान कसो ओरडलो. तीच गजाल धा वेळा. मी हूं म्हणतंय. मधीच मारीबायचा काढता, मगे गप ऱ्हवता. मगे मी म्हणतंय, चाय कर."

घरी येऊन मी काकांचा फॉर्म काढला आणि त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एरवी मुद्दे काढल्याशिवाय मी कोणाकडे जात नाही.

काका स्वयंपाकघरात एकटेच चहा घेत होते. मला बघून खुर्ची पुसायला फडका शोधू लागले. तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. चर्चमध्ये मिळतं ते कॅलेंडर होतं. मी जवळ जाऊन मागची पानं उलटली. दर चार-पाच चौकोनांत निळ्या पेनने काढलेला एक छोटासा माड. वाकडा बुंधा, पाच झावळ्या. खाली बारीक अक्षरात 'लायट', 'गॅस', 'दाडी'. सगळं वर्ष तसंच. काकाही यादी करणारे होते तर.

मग गेल्या महिन्याचं पान आलं. मी ठरवलेल्या दिवसाच्या चौकोनात अकरा माड दाटीवाटीने काढले होते. जागा पुरेना म्हणून दोघांच्या झावळ्या शेजारच्या तारखेवर गेल्या होत्या. त्यापुढे काही नाही. या महिन्याचं पान सबंध कोरं. पुढच्या महिन्यात पुन्हा एकाच चौकोनात अकरा.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवर दहाव्या प्रश्नापुढे भावाचा पुण्याचा नंबर आहे. त्याला इकडे येऊन चार वर्षं झाली.

मी हातातला फॉर्म टेबलावर ठेवला, लिझाच्या नंबरच्या वर, खोडलेल्या नावाशेजारी जागा होती तिथे पुन्हा 'बाबलो' लिहिलं आणि विचारलं, "काका, येत्या मंगळवारी खंयचो माड?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. "मंगळवारी? आता खंयचो? सगळ्यांचे तर काढले."

"लायटीचा बिल इला मा पण."

काका सावकाश म्हणाले, "इला. वाढला हा."

"मगे तेका विचारूक नको?"

काकांनी खिशातून निळं पेन काढलं. मंगळवारच्या चौकोनात एक बुंधा ओढला, किंचित वाकडा. एकेक करून पाच झावळ्या काढल्या. खाली 'लायट' लिहिलं. पेन बंद करता करता थांबले, आणि पाठमोरेच राहून म्हणाले, "बाबलो मिरची खाणा नाय. तू ऑम्लेटात खातस मा?"